काविळीचे अनुभव: तुमच्या घरात कुणाला झाली होती का?

रानजाई (ठाणे)

काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. बी विंगमधल्या दोन मुलांना कावीळ, एका काकांना ताप आणि उलट्या. त्याखाली लगेच दुसरा मेसेज: "टिटवाळ्याच्या पुढे एक जण माळ घालतात, आठवड्यात उतरते, नंबर देऊ का?" त्यावर सगळ्यांचे अंगठे. मला रात्री झोप लागली नाही, म्हणून हा धागा काढतेय.

माझी धाकटी काकू काविळीत गेली. आम्ही तेव्हा किसननगरला चाळीत राहायचो, नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. काकूला आठवा महिना. पावसाळ्यात गल्ली खणून ठेवली होती. नळाला पहिली बादली गढूळ यायची, ती मोरीत ओतायची आणि दुसरी भरायची, एवढीच काय ती काळजी घेतली जायची. आधी तिला जेवण नको झालं. फोडणीचा वास आला की पदर नाकाला लावून गॅलरीत जाऊन बसायची. बायका म्हणाल्या, परत डोहाळे लागले. मग लघवी कोऱ्या चहासारखी व्हायला लागली. आजीने तिला खिडकीपाशी उजेडात नेलं, खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाली, कावीळ आहे.

माळ आली. हळद बंद, तेल बंद, मुळ्याच्या पाल्याचा रस सुरू. आणि एका दुपारी काकूने तांदूळ न घालताच कुकर लावला. मला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारली. दिवसा झोपायची, रात्री टक्क जागी. घरात सगळ्यांना वाटलं अशक्तपणा आहे. यकृत निकामी व्हायला लागलं की मेंदूवर असा परिणाम होतो हे चाळीत कुणाला माहीत असणार? दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला. बाळ आणि ती, दोघंही गेली.

माझ्या बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना हे सगळं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या की लक्षणं ऐकून हिपॅटायटिस ई वाटतो. हा विषाणू सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातून येतो. इतर लोक काही आठवड्यांत बरे होतात, पण गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात.

म्हणून विचारतेय. तुमच्याकडे कुणाला झाली होती? कुठली निघाली, ए, बी, सी, ई? कशी कळली, काय केलं? अर्धवट, छोटं, कसंही लिहा.

चिमणचारा

पोटात कालवलं गं वाचून. भाजी गॅसवर आहे, माझं नंतर लिहिते. पण बिल्डिंगमध्ये कुणी गरोदर असेल तर तिला आजच्या आज सांग. पाणी उकळून प्यायचं, आणि जरा मळमळलं तरी डॉक्टरकडे.

रानजाई

तिसऱ्या मजल्यावर एक आहे, सातवा महिना. सकाळीच जाऊन आले. ती माहेरी चाललीय डोंबिवलीला.

खाडीकिनारा (कळवा)

माळ मी स्वतः उलगडून पाहिलीय म्हणून लिहितो. कसल्यातरी झाडाच्या ओल्या काड्यांचे पेराएवढे तुकडे असतात, दोऱ्याच्या सरकगाठीत अडकवलेले. काडी सुकली की आकसते, गाठ सैल पडते, अडकलेला दोरा मोकळा होतो आणि माळ लांबते. पहिल्या दिवशी डोक्यावर बसते ती हळूहळू गळ्यात, मग छातीवर येते, आणि लोक म्हणतात कावीळ उतरली. माझ्या भावासाठी आणलेली आईने त्याच्या डोक्यावर न घालता खुंटीला टांगली होती. खुंटीवरही तेवढीच लांब झाली!

चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी काढतात त्याचंही तेच. आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस आधी हाताला चोळलेला असतो, चुन्याच्या निवळीत तो पिवळा होतो. आमच्या शाळेत सरांनी विज्ञान प्रदर्शनात करून दाखवलं होतं, ठणठणीत पोरांच्या हातातून भांडंभर कावीळ काढली.

विश्वास का बसतो ते मात्र समजण्यासारखं आहे. ए आणि ई बहुतेकांची आपली आपणच बरी होते. महिनाभरात माणूस उठून बसतो आणि श्रेय माळेला जातं. काकूंसारखी जी माणसं जातात त्यांच्याबद्दल कोण सांगायला येतं?

जुईचीवेल

माझ्या सासऱ्यांना दंडावर डाग दिला होता. शेवटपर्यंत वण होता. आणि मुळात त्यांची कावीळ विषाणूची नव्हतीच, पित्ताच्या नळीत खडा अडकला होता. सोनोग्राफीत दिसला, काढला, पिवळेपणा गेला. डाग फुकट.

चहाबाज (नौपाडा)

कॉलेजात असताना मला झाली. स्टेशनबाहेर उसाचा रस प्यायचो रोज, बर्फ घालून. रस काय नि बर्फ काय, नक्की कशातून आली ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण डॉक्टर म्हणाले ए पोटात गेल्यावर साधारण महिनाभराने दिसते. पंधरा दिवसांपासून पन्नास दिवसांपर्यंत कितीही. महिन्यापूर्वी कुठे काय खाल्लं ते कुणाला आठवतं?

आणि कावीळ झाली म्हणून घरचे मला तोच उसाचा रस आणून देत होते :) पिवळं काही द्यायचं नाही म्हणून वरण पांढरं, आणि रस मात्र पातेलंभर.

अकरा पॉइंटपर्यंत गेली होती. बरा झाल्यावर पहिली मामलेदारची मिसळ खाल्ली, मध्यम तिखट. डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाचं नव्हतं.

चिमणचारा

मामलेदारची आठवण कशाला काढलीस, आज उपास आहे.

प्राजक्ता७७

तलावपाळीवर पाणीपुरी खाताना मी हल्ली तिखट पाणी घेत नाही, नुसता रगडा घालून सुकी पुरी. भैया ओळखतो आता. मैत्रिणी हसतात. हसू दे.

घडीचीपोळी (पनवेल)

पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. चहाबाजचं "अकरा पॉइंट" वाचून लिहायला बसले, कारण हे रोज ऐकते. रिपोर्ट घ्यायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "मॅडम, कावीळ किती पॉइंट आली?" कुठली आली, असं विचारणारा महिन्यातून एखादाच.

ते पॉइंट म्हणजे बिलीरुबिन, डेसीलिटरमागे किती मिलिग्रॅम ते. साधारण एकच्या आसपास असतं. अडीच-तीनच्या पुढे गेलं की डोळ्यांत दिसायला लागतं. आमच्याकडे रक्त फिरवून वरचा द्रव वेगळा केला की रिपोर्टच्या आधीच नळीतला गडद पिवळा रंग बघून कळतं. पण त्या आकड्यावरून विषाणू कळत नाही. ए असेल तर घरातल्या पाण्याकडे आणि हात धुण्याकडे बघायचं, बी असेल तर नवरा-बायको, मुलं, सगळ्यांचं रक्त तपासायचं. दोन्हींत पॉइंट आठच असू शकतात!

शिवाय बी आणि सी पुष्कळदा पिवळेपणा न दाखवताच वर्षानुवर्षं रक्तात राहतात. तेव्हा बिलीरुबिन नॉर्मल. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढतं ते, कधी थोडं वाढलेलं, कधी तेही नाही. म्हणून बीसाठी एचबीएसएजी आणि सीसाठी अँटी-एचसीव्ही या दोन तपासण्या वेगळ्या सांगून कराव्या लागतात. ए आणि ईसाठी आयजीएम तपासणी असते, लागण ताजी आहे का ते त्यात कळतं. डॉक्टरांनी लिहून दिली नसेल तर विचारा, विचारण्यात काही गैर नाही.

एक गंमत. जुने डॉक्टर चिठ्ठीवर अजूनही एचबीएसएजीला "ऑस्ट्रेलिया अँटिजेन" लिहितात. एक आजी म्हणाल्या, अगं आम्ही ठाण्याच्या पुढे गेलो नाही, ऑस्ट्रेलियाचं काय तपासतेस? ब्लुमबर्ग नावाच्या शास्त्रज्ञाला हा घटक पहिल्यांदा एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात सापडला, १९६५ च्या सुमारास, म्हणून ते नाव. त्यांना १९७६ मध्ये नोबेल मिळालं, आणि २८ जुलै हा त्यांचा वाढदिवस म्हणून त्या दिवशी जागतिक हिपॅटायटिस दिन असतो. आजींना एवढं सगळं नाही सांगितलं, पण त्या खूश होऊन गेल्या.

टाकीवाला (घोडबंदर रोड)

सोसायटी कमिटीत आहे, पाण्याचं बघतो. रानजाईताई, तुमच्या बिल्डिंगमध्ये एकाच वेळी तिघं आजारी आहेत म्हणजे आधी टाकी बघा.

धरणाचं पाणी शुद्ध करूनच सोडतात, मग ते भातसाचं असो, बारवीचं असो की तिकडे नवी मुंबईत मोरब्याचं. घोळ होतो तो शेवटच्या टप्प्यात. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळ येतं. बंद झालं की पाइपातला दाब जातो, आणि जिथे फट असेल तिथून आजूबाजूची ओल आत ओढली जाते. पाइप गटाराच्या कडेने गेला असेल तर गटारच आत येतं. म्हणून पाणी सुटल्यावरचं पहिलं पाणी सगळ्यात वाईट.

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी असाच प्रकार झाला. आरोग्य विभागाची माणसं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनची तपासणी करायला आली होती. बघण्यासारखी असते. छोट्या काचेच्या नळीत नळाचं पाणी घ्यायचं, त्यात ओटीचे थेंब टाकायचे. क्लोरीन असेल तर पाणी फिकट पिवळं होतं, नसेल तर तसंच राहतं, आणि रंगाच्या पट्टीशी ताडून प्रमाण कळतं. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरलेलं पाहिजे, साथ असेल तर ०.५. आमच्या खालच्या टाकीत येणाऱ्या पाण्याला रंग आला. खालच्या टाकीतल्या पाण्याला पुसटसा आला. गच्चीवरच्या टाकीतून सातव्या मजल्यावर येणाऱ्या पाण्याला काहीच नाही. म्हणजे पाणी बिल्डिंगमध्ये शिरल्यावर क्लोरीन संपत होता. कशात खर्च होत होता? खालच्या टाकीच्या भिंतीपासून हातभर अंतरावर ड्रेनेजचा चेंबर. मध्ये पिंपळाचं मूळ घुसून भिंतीला केसाएवढी चीर. टाकी भरलेली असली की दिसायची नाही, रिकामी केली तेव्हा आतून ओलावा झिरपताना दिसला. बिल्डरने नकाशा पास करून घेतला, चेंबर कुठे टाकला ते कुणी बघितलं नाही.

चीर बुजवली, चेंबर लांब नेला, टाक्या ब्रशने घासून ब्लीचिंग पावडरचं पाणी भरून ठेवून मग सोडून दिलं. गच्चीवरच्या टाकीचं झाकण कबुतरांनी... जाऊ दे, जेवणाची वेळ आहे. उन्हाळ्यात टँकर येतो त्याचंही आता उतरवण्याआधी ओटी बघतो. टँकरवाला पहिल्यांदा चिडला, आता स्वतःच नळी पुढे करतो.

निवांत_नेरुळ

आमच्याकडे आरओ आहे. तेवढं पुरे ना?

टाकीवाला (घोडबंदर रोड)

दात कुठल्या पाण्याने घासता? चटणीची कोथिंबीर कुठल्या पाण्याने धुता? कामवाल्या मावशी ग्लास कुठल्या पाण्याने विसळतात? साथ असेपर्यंत निदान एवढ्यासाठी तरी उकळलेलं पाणी वापरा. उकळलेलं म्हणजे खळखळून उकळी आल्यावर आणखी मिनिटभर. वाफ दिसली की गॅस बंद, तसं नाही.

जुईचीवेल

तुरटी फिरवली तर? आमच्या आजीकडे तेच.

घडीचीपोळी (पनवेल)

तुरटीने गाळ खाली बसतो, विषाणू मरत नाहीत. गाळून, तुरटी फिरवून, मग उकळायचं किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचे थेंब) बाटलीवर लिहिलंय तेवढं टाकून अर्धा तास थांबायचं. तांब्याच्या हंड्यावरही काविळीसाठी भरवसा ठेवू नका.

वाशीपूल (कोपरखैरणे)

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितो.

मला बी आहे. आखातात नोकरी लागली होती, मेडिकलमध्ये एचबीएसएजी पॉझिटिव्ह आली आणि व्हिसा गेला. एक दिवस ताप नाही, पिवळेपणा नाही, उलटी नाही. एजंटने सगळ्यांसमोर "याला कावीळ आहे" म्हणून फाइल परत दिली. मी म्हटलं मला कावीळ कधीच झाली नाही, तर तो हसला.

घरी आल्यावर आईने माझं ताट वेगळं केलं. मागे नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवलेलं ताट आणि तांब्या. तिचा काही दोष नाही, शेजारी सांगतील तसं ती करणार. बायकोने ठिपक्याचं ताट स्वतः घेतलं आणि माझ्या शेजारी जेवायला बसली. त्यावर मी तिला काही बोलू शकलो नाही, आजही नीट बोलता येत नाही.

मग सरकारी रुग्णालयात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली, एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, एक संडास वापरल्याने बी पसरत नाही. रक्तातून, असुरक्षित संबंधातून, आईकडून बाळाला आणि वस्तरा-ब्लेड-टूथब्रश-सुई वाटून घेतल्याने पसरतो. हा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा सात दिवस टिकतो म्हणे. दुसरं सांगितलं, घरच्या सगळ्यांचं रक्त तपासा. बायको निगेटिव्ह, मुलगा निगेटिव्ह, दोघांना लशी सुरू. आई पॉझिटिव्ह निघाली. डॉक्टर म्हणाले, बहुधा जन्माच्या वेळीच आईकडून आली असेल. बाळपणी लागण झाली तर शंभरातल्या नव्वद जणांच्या अंगात ती कायमची राहते, मोठेपणी झाली तर पाचाहून कमी जणांच्या. आई रडत बसली. मी तिला म्हटलं, तुला कुणी सांगितलं होतं का कधी तपासायला? तुझ्या बाळंतपणात कुणी बघितलं होतं का? नाही ना?

त्यावेळी मी तिला मोबाइलवर अमिताभ बच्चन यांचं भाषण दाखवलं. १९८२ च्या अपघातानंतर चढवलेल्या रक्तातून त्यांना बी आली, पुष्कळ वर्षांनी कळलं तोवर यकृताचा पाऊण भाग गेलेला, असं ते स्वतः सगळ्यांसमोर सांगतात. आईने ते दोनदा बघितलं. ठिपका तिनेच खरवडून काढला.

आता दर सहा महिन्यांनी रक्त आणि सोनोग्राफी. सगळ्यांना गोळ्या लागत नाहीत, विषाणूचं प्रमाण आणि यकृताची अवस्था बघून ठरवतात. मला सध्या नाहीत, आईला टेनोफोविर चालू आहे, फुकट मिळते. २०१८ मध्ये सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला त्यात बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषध मोफत आहे. हे किती जणांना माहीत आहे? मला तर एका वॉर्डबॉयने सांगितलं.

नोकरी इथेच मिळाली, महापेला. पगार कमी आहे, पण मुलाला रोज बघतो.

चिमणचारा

दादा, वहिनींना माझा नमस्कार सांगा. खरंच.

खाडीकिनारा (कळवा)

वाशीपूल, लिहिलंत ते फार बरं केलंत. माझा एक मित्र लग्न ठरताना हे लपवून बसलाय. त्याला तुमचा प्रतिसाद पाठवतो. मुलीला लस दिली की संसार होतो हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

वाशीपूल (कोपरखैरणे)

पाठवा. त्याला म्हणावं आधी मुलीला सांग, मग लस पूर्ण होऊन अँटिबॉडी तपासेपर्यंत काळजी घ्यायची. बोलायचं असेल तर मी आहे.

ऐरोली_सेक्टर

मी टॅटू काढलाय गावच्या जत्रेत. सुई बदलली की नाही आठवत नाही. वाचून घाबरलोय.

सिस्टर_घणसोली

घाबरू नका, एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही करून घ्या. नुकताच काढला असेल तर आत्ता एकदा आणि सहा महिन्यांनी परत. निगेटिव्ह आली की बीची लस घेऊन टाका.

ड्यूटी संपली, ट्रेनमध्ये आहे, लिहिते जमेल तसं. मला स्वतःला रात्रपाळीत सुई टोचलीय. पेशंट हलला, वापरलेली सुई अंगठ्याजवळ ग्लोव्हजमधून आत. पेशंट बी पॉझिटिव्ह. लस न घेतलेल्या माणसाला अशा एका टोचण्यातून बी होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाते, सीची दोनच्या आसपास, एचआयव्हीची त्याहून कितीतरी कमी. लोक घाबरतात मात्र एचआयव्हीला. साबण आणि वाहत्या पाण्याने धुतलं, पिळायचं नाही, इन्चार्जना कळवलं. माझी लस पूर्ण होती आणि टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण, दहाच्या वर होतं म्हणून काही करावं लागलं नाही. नसतं तर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन आणि लस दोन्ही लगेच.

माझी तळमळ हाउसकीपिंगच्या मावश्यांसाठी आहे. सुया काळ्या पिशवीत आल्या तर त्यांना टोचतात. कचरा उचलणाऱ्या पोरांना टोचतात. घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी तरी सुई उघडी कचऱ्यात टाकू नका हो. जाड प्लॅस्टिकच्या डब्यात, झाकण लावून, वेगळी द्या. घणसोली आलं

दिघ्याचीआशा

मी आशा वर्कर आहे बाळ जन्मल्यावर २४ तासात बीचा डोस द्यायचा असतो मग दीड अडीच साडेतीन महिन्याला पेंटा म्हणजे पाच रोगांच्या एकत्र लशीमध्ये असतो फुकट आहे सरकारी दवाखान्यात. पण घरी बाळंतपण झालं की तो पहिला डोस राहतो नाहीतर सासू म्हणते आजच्या आज सुई नको. मी म्हणते आजच पाहिजे उद्या नको. आई पॉझिटिव असली तर बाळाला बाकी एक इंजेक्शन पण लागतं १२ तासाच्या आत म्हणून बाळंतपण दवाखान्यातच करा. आणि आई दूध पाजू शकते ते बंद करू नका

रानजाई

आशाताई, तुमच्यासारख्यांमुळे किती बाळं वाचली असतील.

प्राजक्ता७७

न्हाव्याकडे मी नवऱ्याला ब्लेड समोर बदलायला सांगते. तो लाजतो, मी दारात उभी राहते.

पारसिक

बाबांना सी होता. ऐंशीच्या दशकात पोटाचं ऑपरेशन झालं, रक्त चढवलं. तेव्हा दात्याच्या रक्तात सी तपासायची सोयच नव्हती, विषाणूच १९८९ मध्ये ओळखला गेला. पंचवीसेक वर्षांनी पाय सुजले म्हणून गेलो तर यकृत कडक झालेलं, म्हणजे सिऱ्होसिस.

आधी इंटरफेरॉनची इंजेक्शनं. प्रत्येक इंजेक्शननंतर थंडी-ताप, केस गेले, चिडचिड, भूक नाही. बाबा शांत माणूस, पण त्या काळात आईवर ताट फेकलं होतं. आणि शेवटी उपयोग झाला नाही. डॉक्टर म्हणाले, थांबू, नवी औषधं येताहेत. आली. सोफोसबुविर आणि डक्लाटासविर, रोज एकेक गोळी, सहसा बारा आठवडे. बाबांचा सिऱ्होसिस होता म्हणून जास्त काळ दिल्या. गोळ्या संपल्यावर तीन महिन्यांनी तपासलं, विषाणू सापडला नाही. या गोळ्यांनी शंभरातले पंच्याण्णव बरे होतात. सीवर लस नाही, पण तो पूर्ण बरा होतो, बी तसा होत नाही. हे सगळे गोंधळून उलट सांगतात.

अँटी-एचसीव्ही मात्र बरे झाल्यावरही आयुष्यभर पॉझिटिव्ह येते. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी त्यावरून एका दवाखान्याने ऑपरेशन पुढे ढकललं. आरएनए निगेटिव्हचा, म्हणजे रक्तात आता विषाणूच नाही असा रिपोर्ट दाखवून मी भांडलो. तेव्हापासून त्याची झेरॉक्स पाकिटात असते. ज्यांना पूर्वी कधी रक्त चढवलंय, डायलिसिस चालू आहे, थॅलेसीमिया आहे, त्यांनी एकदा तपासून घ्या. सिऱ्होसिस व्हायच्या आधी कळायला हवं होतं, एवढीच खंत.

चहाबाज (नौपाडा)

पारसिक, बाबा कसे आहेत आता?

पारसिक

बरे आहेत. सकाळी उपवनला फेरी मारतात, येताना फुलं आणतात. सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू, ती कायमची.

निवांत_नेरुळ

काविळीत डाएट काय? आमच्या मेव्हण्याला नुसत्या लाह्या आणि ताकावर ठेवलंय. हळद दिली तर कावीळ वाढते का?

घडीचीपोळी (पनवेल)

हळदीच्या पिवळ्याचा आणि या पिवळ्याचा संबंध नाही. झेपेल ते साधं घरचं जेवण, थोडं थोडं, वरण-भात-अंडं सगळं. उपाशी ठेवल्याने माणूस अजून खचतो. दारू मात्र एक थेंबही नाही, आणि तापाच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत, पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारून. नाकात कडू रसाचे थेंब अजिबात नाहीत, नाकातून पिवळं पाणी वाहतं ते आतली त्वचा भाजल्यामुळे. आणि मेव्हणे गोंधळल्यासारखं बोलायला लागले, फार झोपायला लागले, उलट्या थांबेनात, कुठून रक्त आलं, तर रात्र असो की पहाट, मोठं रुग्णालय.

रानजाई

सगळे प्रतिसाद वाचतेय, उत्तर द्यायला वेळ मिळत नाहीये. दोन्ही मुलांची आयजीएम ए पॉझिटिव्ह आली, काकांचा रिपोर्ट यायचाय. मुलं खेळताहेत, आया दमल्यात. टाकीवाले दादा, तुमचा प्रतिसाद मी कमिटीच्या ग्रुपवर जसाच्या तसा टाकला. टाकी आजच रिकामी करताहेत. माळवाल्याचा नंबर कुणी घेतला नाही.

टाकीवाला (घोडबंदर रोड)

रिकामी झाली की टॉर्च घेऊन भिंती बघायला स्वतः उतरू नका, आत हवा कोंडलेली असते, सफाईवाल्यांनाही पंखा लावून, दोर बांधून, बाहेर माणूस ठेवूनच उतरवा. आणि पिवळेपणा दिसायच्या आधीचे दोन आठवडे मुलं सगळ्यात जास्त विषाणू बाहेर टाकतात, म्हणजे वर्गातल्या इतर पालकांनाही कळवा. संडासनंतर साबण.

जुईचीवेल

टाकी सफाईवाल्याचा नंबर मिळेल का, वर्तकनगरला येईल असा?

टाकीवाला (घोडबंदर रोड)

निरोपात पाठवतो.

प्राजक्ता७७

मी पंचेचाळिशीची आहे, लहानपणी बीची लस नव्हतीच. आता घेऊन उपयोग आहे का? की वय गेलं?

सिस्टर_घणसोली

वय जात नाही ताई. देशभर सगळ्या बाळांना ही लस २०११ पासून मिळायला लागली, म्हणजे आपल्या वयाचे बहुतेक जण तसेच राहिलेत. आधी एचबीएसएजी करा. निगेटिव्ह असेल तर आज एक, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. मधला डोस लांबला तरी पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला घ्यायचा.

प्राजक्ता७७

शनिवारी जाते. दारात उभं राहायला नवऱ्याला नेते.